दहा चाळीस ते दहा पंचावन्न

एक एप्रिलपासून आमच्या फाटकाला वेळ आली.
त्याआधी ते नुसतं फाटक होतं.

लोक यायचे. शनिवारी तर रांग
खाली चॅपलच्या वळणापर्यंत,
आणि रांगेतच निम्मा बाजार उरकायचा.
एकाला कपाट टाकायचं असायचं,
मागच्याला नेमकं कपाटच हवं असायचं.
माझ्यापर्यंत पोचेतो कचरा अर्धा झालेला.

आता माझ्या हातात टॅबलेट,
टॅबलेटवर पावसासाठी पावाची रिकामी पिशवी,
आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य:
वेळ घेतली आहे का?
दातांच्या दवाखान्यात विचारतात तसं.

इडवल पार्फिट नऊ मैलांवरून गादी घेऊन आला.
"वेळ? अरे गेथिन, तुझ्या बापाला
मासे धरायला मी शिकवलं."
म्हटलं, खरंय, पण यादीत नाव नाही.
त्याने गाडी वळवली.
टपावर बांधलेली गादी वळणापर्यंत माझ्याकडे बघत गेली.
दोन दिवसांनी ती डोंगराच्या रस्त्यावर सापडली,
वर एक मेंढी ऐसपैस बसलेली.
कौन्सिलने विचारलं, कुणाची?
म्हटलं, मेंढीची असेल.

खोटं कशाला बोलू,
पहिले पंधरा दिवस मला बरंच वाटलं.
हॉर्न नाही, हमरीतुमरी नाही,
तासाला बारा गाड्या, मोजून.
डबा गरम असताना खाल्ला.
मग शांतता जरा जास्तच झाली.
काचेच्या टाकीत बाटली पडली
की मी दचकून वर बघायचो.

आणि मग तो गुरुवार.
दहा चाळीस ते दहा पंचावन्न.
नेस्टा प्रॉबर्ट.
काय आणणार: दिव्याची शेड, एक.
गाडीचा नंबर: एफ चारशे बारा केटीएक्स.

तिथे माझं बोट थांबलं.
ती हिरवी मेट्रो.
ह्यूवेल गेला त्या हिवाळ्यात
शेजारच्या भंगारवाल्याकडे आली होती.
कुंपणावरून मी स्वतः पाहिली, दाबाखाली,
बिस्किटाच्या डब्याएवढी होईपर्यंत.

नियम असा, की पायी येणाऱ्याला आत सोडायचं नाही.
गाडीचा नंबर घातल्याशिवाय
पुढचं पान उघडतच नाही.
ज्याच्याकडे गाडी नाही
त्याच्याकडे कचराही नसणार,
असं कुणीतरी कार्डिफमध्ये बसून ठरवलंय.

दहा एकोणचाळीसला चढावर ती दिसली.
हातगाडी ढकलत, बागेतली, एका चाकाची,
चाक कुरकुरतंय, तीही कुरकुरतेय,
आत शेड, उशीवर ठेवलेली, झालरीची,
आणि हातगाडीच्या पुढ्यात तारेने बांधलेली पाटी:
एफ चारशे बारा केटीएक्स.
पुसलेली. लखलखीत.

मी टॅबलेट बघितला. पाटी बघितली.
नंबर जुळतो का, एवढंच मला बघायचं असतं.
नंबर जुळत होता.
त्या गाडीचा काळ केव्हाच आला होता,
वेळ मात्र आत्ता आली.

"इंजिन बंद करा," मी म्हटलं,
कारण तसं म्हणायचं असतं.
तिने दांड्या खाली टेकवल्या.
"केलं."

शेड टाकायला तिला अर्धं मिनिट लागलं.
उशी परत न्यायची होती.
उरलेली साडेचौदा मिनिटं तिचीच होती,
नियमानेच तिची,
म्हणून ती चार नंबरच्या डब्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली
आणि कुणाच्या सुनेने कुठली खुर्ची टाकली
ते मला सविस्तर सांगितलं.
मी ऐकलं. मागे गाडी नव्हती.
दहा चोपन्नला ती निघाली.

आज सकाळी पुढच्या आठवड्याची यादी आली.
गुरुवार, दहा चाळीस, तोच नंबर.
काय आणणार, ह्या रकान्यात लिहिलंय:
घरात शोधते आहे.