तीनशे बैसा

रुवीतल्या आमच्या लाँड्रीत तो आला
तेव्हा दुपारचा दीड.
बाहेर सेहेचाळीस, आत इस्त्र्यांसकट किती
ते कोणी मोजत नाही.
पांढऱ्या कुडत्यावर, बरोब्बर पोटावर, कॉफी सांडलेली,
आणि चार वाजता मंडळाचा सत्कार.
सोबतचा पोरगा म्हणाला, अर्जंट.

श्रीधर भिकाजी वायंगणकर.
पोस्टरवर असतो त्याहून बुटका.

आता, आमच्या खोलीत सहा बंक आहेत,
आणि गेली आठ वर्षं दिवा मालवल्यावर
प्रत्येक बंकावरून या माणसाला एकेक शिवी जाते.
आमच्या खाडीत त्याचे तीन खांब आहेत.
पूल नाही. खांब.
त्यांवर पाणकावळे पंख वाळवतात.
वहिनीला कळा आल्या तेव्हा होडीवाला जेवत होता,
हात धुऊन, विडी संपवून मग निघाला.
भेटू दे एकदा, शेट्ये म्हणायचा,
गचांडीच धरतो.

भेटला.
कुडता उतरवून बनियनवर बसला
प्लास्टिकच्या स्टुलावर, पंख्याखाली.
बनियनला काखेत भोक.
शेट्ये पुढे झाला
आणि म्हणाला, साहेब, चहात साखर किती?

इक्बाल मुकादम व्हॅन चालूच ठेवून आत आला.
याच्या जेट्टीपायी त्याच्या बापाची टपरी गेली,
जेट्टीही झाली नाही ते वेगळं.
त्याने मोबाइल धरून हात लांब केला, हसला,
फोटो बघितला, म्हणाला,
डोळे मिटलेत साहेब, परत एक.
शेजारचा किराणावाला शाजी, ज्याचा यात काही संबंध नाही,
दारातून विचारत राहिला, मिनिस्टर? तुमचा मिनिस्टर?
दळवी तेवढा उठून मागे गेला
आणि नळ सोडून बसला. बाहेर आलाच नाही.
मी त्याला भित्रा म्हणायचो.
आता माहीत नाही.

कुडता माझ्याकडे आला.
आधी खिसे बघायची सवय:
रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, एक वेलदोडा.
डाग काढला, पिळला, ओलसरच घेतला टेबलावर.
इस्त्री तापलेली.
छातीवर जराशी विसावली असती
तर त्रिकोणी, तपकिरी, आठ वर्षांची निशाणी.
सगळे चहा पीत माझ्या मनगटाकडे बघत होते,
निदान मला तसं वाटलं.
पण हाताला फक्त कापड कळतं.
कॉलर, मग बाह्या, मग पाठ.
इतकी कडक घडी मी स्वतःच्या लग्नात घातली नव्हती.

मग पावतीपुस्तक ओढलं, पेन झटकलं
आणि विचारलं, नाव?

पंखा तेवढा बोलत राहिला.
शेट्येच्या हातात बशी वाजली.
पोरगा तोंड उघडणार,
तोच तो स्वतः म्हणाला, वायंगणकर.
मी म्हटलं, पूर्ण.
तर उठून उभा राहिला बनियनमध्ये,
हजेरीला उभं राहावं तसा,
आणि सांगितलं, बापाच्या नावासकट.
तीनशे बैसा.
पोराने रियालची नोट दिली,
मी सातशे मोजून परत केले.

गाडी वळली आणि पाहतो तर गोळ्या टेबलावर.
पळालो. चपला आतच.
सिग्नलपर्यंत पळालो तव्यासारख्या डांबरावर,
हात वर, पट्टी हलवत,
आणि मागून शेट्ये ओरडला,
अरे, झेंडा विसरलास काय?
कारण एकोणिसाव्या वर्षी, याच्या पहिल्या निवडणुकीत,
याच्याच जीपमागे मी असाच पळालो होतो
घसा बसेपर्यंत.
काच अर्ध्यावर आली. हात आला. गोळ्या गेल्या.
काच वर.

रात्री तळव्यांना बर्फ लावत बायकोला फोन केला.
मगे, काय बोललात त्येका?
नाव इचारलंय, मी म्हटलं, पूर्ण.
वाटलं, हसेल.
पलीकडे नुसती खाडीची हवा वाजत राहिली.
मग म्हणाली,
आणि त्येणी तुमचा नाव इचारल्यान?