जिथं शेपूट पोचत नाही

कणकुंबीच्या वरच्या अंगाला ओढ्यात
जांभ्याची एक आडवी फरशी आहे, साबणासारखी.
आषाढात तिच्यावर मी तीनदा पडलो.
तिसऱ्यांदा औषधाची पेटीही पडली,
आणि पलीकडून ठकूबाय येडगे ओरडली,
"कितीदा पडूलासा ओ डाक्टर?
म्हशीच्या मागनं या की.
तिला चार पाय हाईत, पण टाकती एकच."

मी डॉक्टर नाही, कंपाउंडर आहे.
अठरा वर्षं सांगतोय.

मग मी बघितलं.
म्हैस आधी नाकानं दगड वाचते.
खूर टेकवते, दोन बोटं फाकवते,
मधल्या फटीत शेवाळ दाबते
आणि वजन देत नाही.
थांबते. उधारी मागणाऱ्याकडं बघत
वाणी थांबतो, तशी.
दगड काहीतरी बोलत असणार,
कारण मग देते.

त्या फरशीवर कधीच न घसरलेली
एकटी जळू.
शिंपी वितीनं कापड मोजतो तशी
पुढचं टोक चिकटवते, मागचं ओढून घेते.
पानाच्या टोकावर उभी राहून
वाऱ्यात मान फिरवते:
कोण गरम आहे?
इतकं चांगलं चालायला येतं
ते फक्त दुसऱ्याच्या पायापर्यंत जायला.

ठकूबाय निपाणीची तंबाखू भिजवून
पोटऱ्यांना चोपडते.
"मी खाईत न्हाई," म्हणते, "ह्यास्नीच चारते."

म्हैस डबक्यात बसते ती गारव्यासाठी,
असं मी परीक्षेत लिहिलं होतं.
अर्धंच उत्तर होतं ते.
अंगावर चिखल वाळतो,
माशा येऊन भिंतीला चावल्यासारख्या परत जातात.
दुपारी चिखल तडकतो, ढलपे गळतात,
ढलप्यांसकट थोडे गोचीडही.
कोंबड्या धावत येतात.

नोंदवहीत रकाना कन्नडमध्ये आहे.
खानापूरचे साहेब उण्णी म्हणतात, ठकूबाय गोचीड.
म्हैस दोन्ही ऐकते
आणि कातडी थरथरवते, तेवढीच, त्याच जागी.

पण गळ्याखाली, कानामागं,
दोन खांद्यांच्या मधल्या खळग्यात
शेपूट पोचत नाही, जीभ पोचत नाही.
तिथं साळुंकी लागते.
पाऊस धरून राहिला की साळुंकीही नसते.
तेव्हा म्हैस ठकूबायपुढं हनुवटी उचलते,
डोळे अर्धे मिटते.
ठकूबाय नखानं एकेक उपटते,
रॉकेलच्या डब्यात टाकते.
टप.
बऱ्याच वेळानं, टप.
मी फवारणीचा पंप घेऊन उभा,
मला कुणी विचारत नाही.

एकदा न सांगता गेलो.
ठकूबाय गोठ्याच्या मेढीला पाठ लावून
वर-खाली घासत होती.
तिची लेक उद्यमबागला, जावई फाउंड्रीत.
डावा खांदा दोन वर्षांपास्नं वर जात नाही.
तिनं मला बघितलं. मी पंपाचा पट्टा बघितला.
म्हैस रवंथ करत राहिली.

त्या रात्री जांबोटीच्या क्वार्टरात
सदरा काढला तर कॉलर रक्तानं भिजलेली.
जळू केव्हाच उतरून गेली होती.
खाज मात्र नेमकी तिथं,
जिथं माझेही दोन्ही हात पोचत नाहीत.
भिंतीवर पाल, कॅलेंडरवरून तिरपी चढत होती.
ओल्या चुन्यावर आली नि निसटली,
पटकन पडली, लाजली नाही,
परत चढायला लागली.
मी दाराच्या चौकटीला पाठ लावली.

आज पुन्हा फरशी.
पुढं म्हैस, मागं मी.
बूट हातात, पेटी डोक्यावर.
एक पाऊल टेकवलंय, बोटं फाकवलीयत,
वजन दिलेलं नाही.
तेवढ्यात शेपटीचा एक ओला फटका
सणकून तोंडावर बसतो.

माशी समजली असेल.
की बरोबरच ओळखलं?
इंजेक्शनचे वीस रुपये मी दर फेरीला घेतो,
पावती देत नाही.

दगड अजून काही बोललेला नाही.