ओरखडा

सकाळी साडेसातला औंधच्या सरकारी दवाखान्यातून
जालिंदर कुदळे स्कूटरवर बाटल्या घेऊन येतात.
पायांमध्ये थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ,
बर्फात बावीस अनोळखी माणसांची रात्रभरची लघवी.
पाषाण रस्त्यावरच्या गतिरोधकांवरून ते स्कूटर अशी उतरवतात
की मागे बाळंतीण बसली असावी.
"थेंब सांडला नाही, मॅडम," रोज म्हणतात.
रोज मी सही करते.

काम सांगायला सोपं आहे:
मुतखडा नेमका सुरू केव्हा होतो.
कळ येते तेव्हा नाही, ती फार उशिराची बातमी.
त्याच्या कितीतरी आधी
कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट एकमेकांना घासून जात असतात,
लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी माणसं जातात तशी,
ओळख न दाखवता.
शाळेतलं संपृक्त द्रावण आठवतं?
हे त्याच्याही पलीकडचं. मावत नसताना मावलेलं.
आणि तरी नितळ.
त्या नितळपणाला मी घड्याळ लावते.
पहिला कण दिसेपर्यंतची मिनिटं.
एवढंच. यात माझी तीन वर्षं.

डॉक्टर करमळकरांना त्या थेंबात रोगी दिसतो,
इरावतीला एक प्रथिन,
मला नुसता वेळ.
दर गुरुवारी चहाच्या एकाच ट्रेभोवती
आम्ही तिघं एका थेंबावरून तीन भाषांत भांडतो.

इरावतीचं प्रथिन घातलं
आणि चाळीस मिनिटांची नव्वद झाली.
त्या गुरुवारी कोणी भांडलं नाही.
डॉक्टरांनी स्वतःच्या पैशांनी बाकरवडी आणली.

मग एका मंगळवारी, सहज, काही न घालता
नव्या खोक्यातली कुपी भरली.
नव्वद.
पुन्हा भरली. अठ्ठ्याऐंशी.
तिसऱ्यांदा भरताना हात थंड पडले होते.

जुनी कुपी खिडकीशी धरली.
मागे बाणेरची टेकडी, तिच्यावर उन्हातली वाळकी झाडं,
आणि काचेच्या तळाशी, टेकडीवरून गेलेल्या पायवाटांसारख्या,
बारीक, बारीक रेघा.

टँकरचं पाणी जड. काचेवर पांढरं धरतं.
आम्हाला स्वच्छ कुप्या मिळाव्यात म्हणून
कुदळे तारेच्या ब्रशानं तळ घासायचे. अकरा वर्षं.
कणाला जन्मायला टेकू लागतो.
गुळगुळीत काचेवर त्याला थारा नाही,
ओरखड्यात तो बसतो.
प्रथिनाच्या सगळ्या कुप्या नव्या होत्या.
तुलनेच्या सगळ्या जुन्या.
बस. एवढ्यावर बाकरवडी.

गुरुवारी सांगितलं.
इरावतीनं आलेख उलटा करून ठेवला
आणि त्यावर कप.
कुदळ्यांना मी एक शब्द बोलले नाही.
पण शुक्रवारी मोरीजवळच्या खिळ्यावर ब्रश नव्हता.
भिंतीवर त्याच्या आकाराची
कमी मळलेली जागा तेवढी होती.

मग ते चार दिवस आलेच नाहीत.
बाटल्या कुरिअरवाल्यानं आणल्या. दोन फुटलेल्या.

पाचव्या दिवशी कुदळे दारात, जरा वाकून,
हातात औषधाच्या दुकानातली कागदी पुडी.
"पहाटे पडला," म्हणाले. "फार रडवलं त्यानं."
पुडी माझ्या टेबलावर ठेवली.
"घ्या, मॅडम. ह्याला मी ब्रश लावलेला नाही."

हसावं की काय करावं, कळेना.
इरावती हसली, आणि मग डोळे पुसत बाहेर गेली.

सूक्ष्मदर्शकाखाली तो ज्वारीच्या दाण्याएवढा,
चॉकलेटी, काटेरी, वर्षावर वर्षं चढलेली.
मी उलटा केला.
खालच्या बाजूला एक खोलगट खूण.
म्हणजे हाही कुठंतरी टेकला होता.
त्यांच्या आत, मऊ भिंतीवर,
कशाचातरी ओरखडा होता
आणि तिथं याला थारा मिळाला.

बराच वेळ मी डोळा काढला नाही.
मग वहीचं कोरं पान उघडलं, तारीख घातली.

"कुदळे, तो ब्रश फेकलात का?"

ते मोरीच्या दिशेनं बघत होते.
"नाही," म्हणाले. "मागं ठेवलाय. लागेल का?"