मुळाकडची बाजू

सान्तारेंच्या आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक बटेला
एका टोकाशी लाल दोरा असतो.
ती मुळाकडची बाजू. तिकडून मोजायचं.
केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो,
म्हणजे दोऱ्यापाशी आज,
आणि पार टोकाला मागचं वर्ष:
चढलेली नदी, महागलेलं डिझेल, कुणाचं तरी लग्न.

दोरा चुकून दुसरीकडे बांधला
तर माणसाचं वर्ष उलटं वाचलं जातं.
एकदा माझ्या हातून झालंय.
कुणाला सांगितलं नाही, पुन्हा मोजलं.

ही दोन पाकिटं एकाच घरातली,
तापाझोसच्या काठी, धक्क्यापासून तिसरं, खांबांवरचं.
दोना ओझारिना, वय एकसष्ट.
सून एदिलेनी, बावीस. शेरा: बाळंत होऊन पाच आठवडे.

केस अ‍ॅसिटोनमध्ये धुतले, कापले,
निकेलच्या होडीत एकेक महिना ठेवला.
होडीच म्हणतात तिला, नखाएवढी असली तरी.
भट्टी तापते, महिना जळतो,
आत सोनं वाट पाहत बसलेलं असतं,
पाऱ्याची वाफ जाऊन त्याला बिलगते.

वरच्या अंगाला, खाणींवर, पाऱ्याने सोनं धरतात.
इथे आम्ही सोन्याने पारा धरतो.
माझा भाऊ तिकडे, मी इकडे.
एकाच जोडप्याच्या संसारावर दोघांची पोटं.

म्हातारीचे आकडे, जुन्याकडून नव्याकडे:
पंधरा, पंधरा, मग बारा, नऊ, सात,
सहा, पाच, पाच.
नदीकाठी असं कुणी उतरत नाही.
मला वाटलं, दोरा. मग वाटलं, यंत्र.
प्रमाण नमुना चालवला,
कुठल्याशा अनोळखी डोक्यांची भुकटी,
जिचा आकडा बाटलीवरच छापलेला असतो.
तंतोतंत आला.
रिकामी होडी चालवली. जवळजवळ शून्य.

मग सुनेचे: आठ, आठ,
दहा, तेरा, सोळा, एकोणीस.
दोन्ही रेघा एका कागदावर काढल्या
तर उघडलेली कात्री.

बोटीने रात्रभर. झोळीत झोप नाही.
ओझारिना फळीवर तुकुनारे साफ करत होती,
तोच, ज्याच्या शेपटीवर एक काळा डोळा असतो.
मी विचारलं, मागच्या वर्षी खाण्यात काही बदल?
‘दात गेले का, असं विचारायचंय तुला?’
हसली. खवले उडत राहिले.
‘पोटुशी होती ना ती.
मोठा मासा आला की तिच्या ताटात.
मला फारिन्या आणि पपई पुरे झाली.’

सुनेच्या केसालाही धक्का लागू दिला नव्हता तिने.

मी पाठ केलेलं बोलले:
जे मासे मासे खातात ते टाळा,
जे चिखल आणि फळं खातात ते खा.
तिने माझ्या हातातले दोन्ही कागद घेतले.
अक्षर येत नाही तिला,
पण खांबावर चढलेल्या पाण्याच्या रेघा
साठ वर्षं वाचत आलीय.
एकावर एक ठेवून उन्हासमोर धरले.
बराच वेळ धरले.

‘आणि दूध?’
पाजत राहा म्हणावं, मी म्हटलं. थांबवू नका.
‘बाळाचे केस किती लागतात?’
झोळीतल्या डोक्यावर जावळ, तेही विरळ, घामाने चिकटलेलं.
इतक्यात नको, मी म्हटलं.
दोऱ्याचं रीळ खिशात असून.

आणि कसं कोण जाणे, बोलून गेले की
तुमचे आकडे पाहून
मला आधी यंत्रावरच संशय आला होता.

जेवायला थांबवलंच.
सुनेला आणि मला जराकी, लहान, काटेरी.
तुकुनारे तिने आपल्या पुढ्यात ओढला, अख्खा,
शेपटीवरच्या डोळ्यासकट.
अन्न कुणी टाकतं का.
काटा ओठांतून काढत म्हणाली,
‘पुढच्या वर्षी ये.
माझी रेघ वर गेलेली दिसली
तर यंत्र तपासत बसू नकोस.’