कळ

मी दहाची. आई आणि डॉक्टर यांच्या मधोमध
एक लाकडी स्टूल, त्यावर मला बसवलेलं.
डॉक्टर म्हैसूरकडचे, खानापुरात नवे.
मराठी दोनच शब्दांची: बसा, आणि जीभ.
आई वीटभट्टीवरून तशीच आलेली,
नखांत लाल माती, पदराला राखेचा वास.
आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत त्या साली
चौथीला तिघंच उरली, म्हणून बाबांनी मला कन्नडला घातलं.
तेवढ्यावर मी घरातली दुभाषी.

“एल्ली नोवु?”
आई, कुठं दुखतंय म्हणे.
“दुखत नाही गे. ओटीपोटात कळ येते.
येते नि जाते, मग रात्रभर ठणका.
कंबर भरून येते, मांड्यांत गोळे,
आणि जीव कसा रिता रिता होतो.”

सगळं ऐकून घेतलं. मग मनातल्या मनात
पुस्तक चाळलं पुढून मागे.
कावेरीचा धडा होता, हत्तीचा होता,
दसऱ्याच्या मिरवणुकीवर वीस ओळी तोंडपाठ.
ओटीपोट कुठल्याच धड्यात नव्हतं.
“होट्टी ब्यानी,” मी म्हटलं. पोट दुखतं.
डॉक्टर हसले, इकडं ब्यानी म्हणतात होय,
आणि पांढऱ्या गोळ्या लिहिल्या, दिवसाला दोन.

रक्ताचं आईनं सांगितलंच नाही.
स्टुलावर पाय हलवत बसलेल्या पोरीला
काय सांगणार, आणि पोरीतून परक्या पुरुषाला?
भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडं बघत राहिली,
वाचता येत असल्यासारखी.

दोन वर्षांनी बेळगावात पिशवी काढली.
आई वाचली.
तिनं मला कधी बोल लावला नाही,
ते काम मी माझ्याकडंच ठेवलं.

आता मी आशा. गुलाबी साडी, खांद्याला रजिस्टर.
बाळंतिणींचं तायी कार्ड भरते,
आमच्याकडच्या बायका त्याला ताई कार्ड म्हणतात,
कुणाच्या तरी थोरल्या बहिणीचं असल्यासारखं.
रजिस्टरच्या मागच्या पानावर, सरकारला न विचारता,
मी शब्द उतरवत असते:
चमक, शिणक, उसण, पेटका, रग, मुरडा.
समोर कन्नड, मिळेल तसं. पुष्कळ जागा कोऱ्या.
मालनकाकूंचं “आत कुणीतरी सूत कातल्यागत”
दोन ओळींत मावलं नाही, खाली बाण काढला.

काल नीलगंगव्वा आली.
बैलहोंगलची, लेकीकडं राहायला आलेली. मराठीचं अक्षर नाही.
डॉक्टरीणबाई या खेपेला आमच्या चंदगडकडच्या,
त्यांना कन्नड येतं भाजी घेण्यापुरतं.
म्हणून म्हातारीनं नातू आणलेला, मराठी शाळेतला, नऊ वर्षांचा.
तो न सांगताच चढून बसला
त्याच स्टुलावर. एक पाय आता आखूड झालाय त्याचा,
खाली पुठ्ठा घातलाय.

“अज्जीला काय होतंय रे?”
त्यानं अज्जीकडं पाहिलं. अज्जीनं तक्त्याकडं.

मी त्याच्या हातात तांब्या दिला.
जा, हापशावरून भरून आण. सावकाश आण.
मग त्याच्या जागी मी बसले, डुगडुगत,
आणि काहीच विचारलं नाही.
बाहेर रांग खोकत होती. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं,
परत बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं माझा हात ओढून घेतला,
लुगड्याच्या निऱ्यांखाली दाबून धरला,
आणि बोलत सुटली, भराभर, त्यांच्याकडच्या कन्नडात.
निम्मे शब्द माझ्या पानावर नव्हते.
“तिळीतेन?”
तिळीतव्वा, म्हटलं.
मनात म्हटलं, कळली.

बाहेर हापसा अजून वाजत होता.
तांब्या केव्हाच भरला असणार.