भेट सहावी

फिरदौस मॅडम आधी बूट काढायला लावतात.
किल्ली, मोबाईल, सुट्टे पैसे
मी न सांगताच टेबलावर ठेवतो.
अठरा वर्षं लातूरच्या मार्केट यार्डात वजनकाट्यावर बसलोय,
खिशात काय काय राहून जातं, मला ठाऊक आहे.

एकसष्ट किलो चारशे.
मागच्या खेपेपेक्षा दोनशे ग्रॅम जास्त.
त्या लिहितात. मग रक्तदाब, मग बोटाला ती गार क्लिप,
मग गोळ्यांचा हिशोब:
चौदा नेल्या, तेरा घेतल्या, एक परत.
"ही का राहिली?"
त्या रात्री लाईट नव्हती, मॅडम. हातातून निसटली,
सकाळी शिलाई मशीनच्या पायट्याखाली सापडली.
तेही लिहितात.

गोळी पांढरी, लांबट, मधोमध रेघ.
तिच्यात औषध असेल किंवा नसेल.
डॉक्टरांना माहीत नाही, मॅडमना नाही,
मला तर नाहीच.
संमतीपत्राच्या चौदा पानांवर
खाली खाली सह्या करत होतो तेव्हा
कुशावर्ता म्हणाली, "खडू असंल तर?"
म्हटलं, असू दे. दोन वर्षं झाली, भाकरबी
खडूवानीच लागूलालीय.

आता प्रश्न.
मळमळ? नाही.
चक्कर? एकदा, जिना उतरताना.
तोंड कोरडं पडतं?
"लई पडूलालंय."
भरपूर पाणी प्या, त्या म्हणतात,
आणि आम्ही दोघंही हसतो.
नळ येऊन आज नववा दिवस.

झोप? तीनला मोडायची, आता साडेचारला.
हा दीड तास कुठं लिहायचा
ते त्यांना पटकन सापडत नाही.
कागद सगळा त्रासाचाच आहे.

रडू?

परवा तुरीचा ट्रक लागला काट्यावर, निलंग्याचा.
ड्रायव्हर मिसरूड फुटलेलं पोरगं.
खाली उतर म्हटलं, तुझं वजन नको त्यात.
उतरलं, खिडकीशी आलं,
"मामा, जेवलाव का?"
एवढंच.
पावतीवरची शाई पसरली,
दुसरी काढावी लागली.
अण्णा गेला तेव्हा आलं नव्हतं, मॅडम.
एक टिपूस नाही.

पेन हवेत थांबतं.
सौम्य, मध्यम की तीव्र?
औषधाशी संबंध: आहे, नाही, शक्य?
त्या आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांना विचारून येतात
आणि "शक्य"वर बरोबरची खूण करतात.
हा त्रास होता की गुण आला होता
असा रकाना तिथं नाही, मी वाकून पाहिलं.

नवी पाकिटं, गाडीभाड्याचे पैसे, सही.
सातवी भेट सोळा तारखेला.
रक्त काढायचंय, रिकाम्या पोटी या.

बूट घालता घालता मी म्हणतो,
रिकामी गाडीबी सात टन भरती, मॅडम.

त्यांनी पेनाला टोपण लावलेलं असतं.
हे त्या लिहीत नाहीत.