किमान तापमान

कॅटलॉगात सायबेरियन आयरिसचे अकरा प्रकार होते.
अकराही निळेच, असं माझ्या भावाचं मत.
मी भिंग घेऊन बसले.
एक निळा, दौत कलंडल्यावर
टीपकागदाच्या कडेला उरतो तसा.
एक जांभळं खाल्लेल्या जिभेसारखा.
आणि एक पांढरा, घशाशी जरा पिवळा,
हळदीच्या हातानं कुणी हनुवटी धरून बघितल्यासारखा.
तोच मागवला.
मग राहवेना म्हणून शाईवालाही.

पालमपूरहून पार्सल आलं, ते उघडलं हडपसरला,
हमीद मुलाणींच्या नर्सरीत.
त्यांनी कंद तळहातावर तोलले.
"बाई, हे बर्फातलं. आपली थंडी म्हणजे
दोन स्वेटर आणि एक शेकोटी.
गुलाब न्या. गुलाब ऐकतो."
म्हटलं, चौतीस वर्षं सिमला ऑफिसात
मी रोजचं किमान तापमान लिहिलंय.
पुण्याची थंडी मला दशांशापर्यंत ठाऊक आहे.
"मग ठाऊक असूनही?"
उत्तर नव्हतं. चहाचे पैसे मी दिले.

सहा आठवडे फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात,
ओल्या शेवाळात, कोथिंबिरीशेजारी.
वहिनींनी आलं समजून एक किसायला घेतला.
मी ओरडले तोवर अर्धं पेर गेलं होतं.
चहा ओतून दिला.
उरलेला कंद घेऊन दिवसभर बसले.

मग माती. पाषाणची आमची माती काळी, चुनखडीची,
पावसात चपलेला सोडत नाही,
उन्हात स्वतःला धरून ठेवत नाही.
याला हवी आंबट.
वर्षभर सोसायटीतल्या सोळा घरांचा
चहाचा चोथा गोळा केला.
तिसऱ्या मजल्यावरचे पाटसकर
गाळणीच हातात द्यायचे, झटकून घ्या म्हणायचे.

पहिल्या वर्षी पाती.
दुसऱ्या वर्षी पाती, जरा जास्त.
लोक तलवारी म्हणतात, मला त्या फुटपट्ट्या वाटायच्या,
कुणीतरी काहीतरी मोजायला रोवून
विसरून गेल्यासारख्या.
येणारेजाणारे कुंपणावरून विचारत, वेखंड का?
नाही हो.
मग काय?
फूल आल्यावर सांगते.

शेजारची ईरा, वय वर्षं सात,
फ्रीजरमधले बर्फाचे खडे आणायची, मोजून दहा.
मुळाशी मांडायची
आणि विरघळेपर्यंत उकिडवी बसून राहायची.
एकदा म्हणाली, "आज्जी, त्याला कळत असेल ना
की हा खोटा हिवाळा आहे?"

कळत होतं.
जानेवारीतही ते हिरवंगार, टक्क जागं.
मुलाणी फोनवर म्हणाले, झोपल्याशिवाय नाही फुलायचं ते.
मग थोडं थांबून, मलाही हल्ली
तीननंतर डोळा लागत नाही, बाई.

तिसरा हिवाळा.
संध्याकाळीच वारा पडला, आभाळ धुतल्यासारखं,
पाषाणच्या तळ्याकडून धूर जमिनीलगत सरकत आलेला.
अशी रात्र मी कानांनी ओळखते.
पहाटे मफलर, टॉर्च, उत्तरेच्या भिंतीवरचा थर्मामीटर.
सहा पूर्णांक आठ.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं, सही केली,
हाताची सवय.
दुसऱ्या रात्री सात पूर्णांक एक.
मग सहा पूर्णांक पाच.
अशा नऊ रात्री. नवव्या रात्री भाऊ उठून म्हणाला,
तुला पेन्शन मिळते ती झोपण्यासाठी.

महिनाअखेर पाती टोकाकडून पिवळी झाली.
मग वाळल्या गवतासारखी.
मग आडवी.
पाटसकर कुंपणाशी थांबले,
"गेलं हो बिचारं. किती केलंत."
वहिनींनी काही न बोलता शिरा केला,
बेदाणे जास्त घालून.
मी खाल्ला. दोनदा मागून घेतला.
काय सांगणार? कात्री आणली,
जमिनीपासून दोन बोटं सोडून सगळं कापलं,
वर वाळका पाला पसरला.

संध्याकाळी ईरा आली, ओंजळीत बर्फ,
कोपरापर्यंत ओघळ.
म्हटलं, आज नको गं.
झोपलंय.

तिनं बर्फ तिथेच फरशीवर ठेवला,
चपला काढून हातात घेतल्या,
आणि बागेतून
चवड्यांवर चालत गेली.